केशरचे रिकामे दिवस

थेरगाव, रविवार, ८ जून

वर्षाली,

आधी केशरचं सांगते, कारण पत्र उघडल्यावर तू पहिलं तेच शोधणार. ती जिवंत आहे. मीही आहे, पण ते तू विचारलेलं नाहीस.

काल शनिवार होता. फ्रिजवर तू चिकटवून गेलेला कागद मी चष्मा लावून पुन्हा पुन्हा वाचला. आठवड्यातून एकदा, एकच पिंकी. पिंकीची जाडी केशरच्या अंगाच्या सगळ्यात जाड भागाएवढी, फार तर किंचित जास्त. फ्रीझरमधून काढून पिशवीसकट कोमट पाण्यात ठेवायची. गॅसवर नाही, मायक्रोवेव्हमध्ये तर मुळीच नाही. चिमट्याने द्यायची आणि मग दोन दिवस केशरला हात लावायचा नाही, कुठे हलवायचं नाही. सगळं कळलं. उंदराच्या उघड्या-नागड्या पिल्लाला पिंकी असं गोड नाव कुणी ठेवलं, तेवढं मात्र कळलं नाही. माझ्या मावसबहिणीच्या मुलीचं नाव पिंकी आहे. आता तिच्या लग्नाला गेले तर तिच्या तोंडाकडे बघवणार नाही.

चाकणच्या कंपनीत मी इतकी वर्षं कॅन्टीन चालवलं, तीन-तीन शिफ्टची माणसं जेवू घातली. पण करंगळीपेक्षा बारीक अशा त्या जिवाला एक घास देताना मला चिमटा धड धरता येईना. तो काचेवर वाजत होता. केशरने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा पिंकीकडे, आणि झडप घातली. मी ओरडले. ती काही घाबरली नाही. तुझे सासरे मात्र सोफ्यावर पाय वर घेऊन बसले. साप पेटीत, पेटीला कडी, आणि हे बाहेरच्या खोलीत सोफ्यावर पाय वर घेऊन! शेजारच्या गोजाबाईंना त्यांनी सांगून ठेवलंय की आतल्या पेटीत मासे आहेत. ही परदेशी जात आहे, विषारी नसते, आपल्याकडे कागदपत्रं आहेत, हे तू शिकवलेलं सगळं मी त्यांना सांगायला निघाले होते. पण अण्णांना मासेच बरे वाटले.

समाधानची या महिन्यात दुसरी शिफ्ट आहे. केशरच्या खोलीत तो जात नाही. माझा मुलगा आहे म्हणून मी त्याची बाजू घेणार नाही. दीड वर्षात जो माणूस बायकोशी 'मीठ दे' यापलीकडे बोलला नाही, त्याची बाजू घ्यायची म्हटली तरी कुठून धरायची? केशरला आणलंस त्या दिवशी तू मला म्हणाली होतीस, "आई, मी कामावरून आल्यावर या घरात कुणीतरी मान वर करून बघावं, एवढंच." तेव्हा मला राग आला होता. मी बघत नव्हते का?

फोन नको म्हणालीस, ते पटलं. फोनवर त्याचं नाव निघतं आणि मग आपल्या दोघींचा आवाज चढतो. म्हणून हा कागद. मैत्री तुझ्याच कंपनीत हिंजवडीला जाते, तिची गाडी डांगे चौकात थांबते, तिथे तिच्या हातात देईन.

साप ठेवू देणारा घरमालक मिळाला की केशरला घेऊन जाते, असं तू जाताना म्हणालीस. खुशाल शोध. पण घाई करू नकोस. कपाट तर तू पुसून रिकामं करून गेलीस. आता या घरात तुझं म्हणून केशर तेवढी आहे. ती आहे तोवर तू पत्राला उत्तर तरी देशील.

आई

थेरगाव, रविवार, २२ जून

वर्षाली,

तुझी चिठ्ठी मैत्रीने दिली. तीन ओळी. त्यातल्या अडीच केशरच्या. असो.

तू विचारलंस, वार चुकवत नाही ना? एकदा चुकवला, आणि पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा चुकवीन. १४ तारखेला शनिवारीच संकष्टी आली. दिवसभर उपास, संध्याकाळी मोदकाचं सारण भाजतेय, आणि त्याच फ्रिजमधून उंदराचं पिल्लू काढायचं? बाप्पाचं वाहन चिमट्यात धरून सापाच्या तोंडी द्यायचं, तेही चतुर्थीला? मी फ्रीझरचं दार उघडलं आणि हात जोडून बंद केलं. रविवारी दिली. एखादा दिवस इकडचा तिकडे झाला तर बिघडत नाही, असं तुझ्याच कागदावर आहे.

आता चिमटा वाजत नाही. उलट मी खुर्ची घेऊन बसते. केशर डोक्याकडून सुरू करते, जबडा एकदा उजवीकडून पुढे, एकदा डावीकडून, घाई म्हणून नाही. मग तिच्या अंगात एक छोटीशी गाठ हळूहळू मागे सरकत जाते. संपल्यावर जांभई देते. कॅन्टीनमध्ये लोक ताटावरून उठायच्या आधीच बसच्या मागे पळायचे, त्यामुळे असं निवांत जेवणारं गिऱ्हाईक मला पहिल्यांदा मिळालंय.

आणि ऐक, ती मला ओळखते. मी खोलीत गेले की काचेपाशी येते, जीभ काढते, मान वर करून बघते. रोज बघते. मंगळवारी बघते, बुधवारी बघते. मला वाटतं आठवड्याला एक तिला कमी पडतेय. वाढतं वय आहे. तू म्हणशील, आई, तुम्हाला सगळेच उपाशी दिसतात. दिसतात खरे.

घर मिळाल्याचं मैत्रीने सांगितलं. पिंपळे सौदागरला, मारुतराव म्हणून जुने गाववाले मालक. तू सापाचं सांगितलंस तर म्हणे हसायला लागले: "व्हय, ठिवा की! ही सोसायटी हुभी ऱ्हायच्या आदी आमच्या मळ्यात काय कमी व्हते का? तवा भाडं बी देत न्हवते." मैत्रीने नक्कल करून दाखवली, अण्णांनाही हसू आलं. माणूस भला दिसतो.

पुढच्या रविवारी मैत्रीला पेटी न्यायला पाठवतेस म्हणालीस. ठीक. मी काय म्हणणार? पेटी तुझी, केशर तुझी.

आई

थेरगाव, गुरुवार, ३ जुलै

वर्षाली,

मैत्रीने तुला सांगितलंच असेल, तरी माझ्याकडूनही ऐक, नाहीतर तू काहीतरीच समजशील.

रविवारी ती आली. पण केशर आदल्याच दिवशी, शनिवारी, जेवली होती. जेवल्यावर दोन दिवस हलवायचं नाही हा नियम माझा नाही, तुझा. मी मैत्रीला कागद दाखवला. ती म्हणाली, बरोबर आहे काकू. पोहे खाऊन गेली. जाताना म्हणाली की बुधवारी कामावरून येताना नेईन.

बुधवारी, म्हणजे काल, आली. आता झालं असं की मंगळवारी केशर फारच भुकेली वाटत होती. काचेला नाक लावून बसली होती. मला बघवेना. मी एक दिली. मग काल पुन्हा तोच नियम आडवा आला. मैत्री माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, बाई, जिवाचा प्रश्न आहे, पोटातल्या घासासकट रिक्षात घालून त्या खड्ड्यांतून न्यायची का? तिने चहा घेतला आणि गेली. चांगली मुलगी आहे, जास्त विचारत नाही.

मागच्या चिठ्ठीतच तू लिहिलं होतंस, "आई, मधल्या वारी देऊ नका." बरं. पण तू समोर नाहीस आणि ती समोर आहे. समोरच्याने मान वर केली की मला राहवत नाही.

इकडे बाकी बरं आहे. अण्णांचा गुडघा धरलाय. गोजाबाई मासे बघायचेत म्हणून दोनदा येऊन गेल्या. अण्णांनी एकदा सांगितलं मासे झोपलेत, एकदा सांगितलं आजारी आहेत. तिसऱ्यांदा काय सांगायचं याचा विचार चाललाय.

रविवारी मैत्रीला पाठवायचं तर पाठव. शनिवार तिच्या जेवणाचा वार आहे, एवढं लक्षात ठेव.

आई

थेरगाव, शुक्रवार, ११ जुलै

वर्षाली,

केशर बरी आहे.

या रविवारी मैत्रीला पाठवू नकोस. पुढच्याही नको. कारण विचारू नकोस, पाऊस आहे समज.

मंगळवारी काय दिलं, किती दिलं असं तू विचारलं आहेस. तुझ्या कागदाप्रमाणेच सगळं चाललंय. अण्णांच्या गुडघ्याला तेल लावते. वांगी महाग झालीत. समाधान बरा आहे.

आई

थेरगाव, बुधवार, १६ जुलै

वर्षाली,

मागच्या पत्रातलं वांग्यांचं तेवढं खरं होतं. बाकी खोटं.

केशर बरी नव्हती. आता जरा बरी आहे, म्हणून लिहायचं धाडस करतेय. सगळं वाचून घे, मग काय बोलायचं ते बोल.

३ तारखेच्या पत्रानंतरही मी तेच केलं. मैत्री रविवारी येणार म्हणून मी शनिवारी दिली, तो तर वारच होता. रविवारी ती रिकाम्या हाताने गेली आणि बुधवारी येते म्हणाली. म्हणून मंगळवारी पुन्हा दिली. या वेळी दोन दिल्या. एक पुरेशी होती, पण मला वाटलं, दोन दिल्या म्हणजे मैत्री तरी काय बोलणार? फुगलेलं अंग तिला दिसेल. हो, मुद्दाम देत होते. ती भुकेली वाटली वगैरे मी तुला लिहिलं ते वरवरचं. जेवलेली असली की ती हलत नाही, आणि ती हलली नाही की तुझं या घरातलं शेवटचं सामान हलत नाही, एवढा साधा हिशेब होता. लिहिताना मूर्खपणाचा वाटतो. करताना अगदी हुशारीचा वाटत होता.

गुरुवारी सकाळी खोलीत गेले तर वास. दोन्ही पिंक्या अर्धवट पचलेल्या, बाहेर. केशर कोपऱ्यात, ढिली. मी हाक मारली, काचेवर बोट वाजवलं. तिने मान वर केली नाही. मी ओरडले. अण्णा तर तसेच उठून पेटीपाशी आले, गुडघा विसरले, साप विसरले. पहिल्यांदाच एवढ्या जवळ आले असतील.

समाधानला गुरुवारची सुट्टी असते. तो झोपला होता. मी उठवलं नाही, तो आपण होऊन उठला. काही विचारलं नाही त्याने. तुझ्या छोट्या डब्यात केशरला घेतलं, डबा माझ्या शालीत गुंडाळला, मला स्कूटरवर मागे बसवलं. चिंचवडला डॉक्टर विजयश्री आहेत, तूच एकदा नेलं होतंस तिला, त्यांच्याकडे. डांगे चौकात अर्धा तास अडकलो. मी डबा पोटाशी धरून बसले होते आणि तो दर सिग्नलला मान मागे वळवून विचारत होता, "हलतेय का?"

डॉक्टरांनी तपासलं. विचारलं, "काकू, शेवटचं कधी दिलं?"

"मंगळवारी."

"त्याच्या आधी?"

"शनिवारी."

"आणि त्याच्या आधी?"

मी म्हटलं, "आता नीट आठवत नाही." मला सगळं आठवत होतं.

समाधान मागे उभा होता. तो म्हणाला, "त्याच्या आधीच्या मंगळवारी, डॉक्टर. आणि त्याच्या आधी शनिवारी. या मंगळवारी दोन दिल्या."

वर्षाली, जो त्या खोलीत पाऊल टाकत नाही, त्याला सगळं माहीत होतं.

डॉक्टर रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "लहान सापाला जेवणाइतकेच मधले रिकामे दिवस लागतात. त्यातच तो खाल्लेलं अंगी लावतो. तुम्ही ते दिवसच काढून घेतलेत."

मी म्हटलं, "पण ती मागते हो. काचेपाशी येऊन बघते."

"काही हललं की ती बघणारच, काकू. तुम्ही दिलंत की ती गिळणारही. पोटात जागा आहे की नाही, ते तिने नाही, आपण बघायचं."

आता निदान दोन आठवडे काहीही द्यायचं नाही. फक्त पाणी आणि ऊब. मग सगळ्यात लहान पिंकी, नेहमीच्या निम्मी. ती पचली तर सुटलो. पुन्हा उलटी झाली तर एवढ्या लहान जिवाला वाचवणं अवघड, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. तुझ्यापासून लपवत नाही.

बाहेर आल्यावर आम्ही टपरीवर चहा घेतला. समाधान म्हणाला, "तू तिला थांबवून ठेवत होतीस."

मी म्हटलं, "मग? तू तर तेवढंही केलं नाहीस."

त्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "आई, आम्ही दोघांनी सह्या केल्यात. गेल्या महिन्यातच. कोर्टाची तारीख मिळेल आता."

"मला सांगितलं नाहीस?"

"मी कधी काय सांगितलंय?" तो म्हणाला. एवढं म्हणून त्याने माझ्या मांडीवरचा डबा घेतला आणि परत येताना हळू चालवली स्कूटर. खड्डे चुकवत.

मला राग आला. आधी त्याचा, मग तुझा, मग माझा. त्याने सांगितलं नाही ते त्याच्या स्वभावातच आहे. पण तूही मला महिनाभर केशरच्या अडीच ओळी लिहीत राहिलीस आणि सही केलीस हे लिहिलं नाहीस. मी तुझ्यापासून पिंक्या लपवत होते, तू माझ्यापासून घटस्फोट लपवत होतीस. यात मोठं काय ते उघड आहे, पण लपवण्यात आपण दोघी सारख्याच निघालो.

मला वाईट वाटलं, वर्षाली. फार वाटलं. ते इथे लिहून ठेवते, कारण समोर आलीस तर मी कांदे-बटाट्यांचं बोलत बसेन.

आई

थेरगाव, शुक्रवार, १ ऑगस्ट

वर्षाली,

तुझं पत्र आलं. दोन पानं! आधी वाटलं मैत्रीने दुसऱ्या कुणाचं दिलं. तू रागावलीस ते बरोबर, आणि रागावून झाल्यावर जे लिहिलंस ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. 'तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही रडला असता आणि मी परत आले असते, म्हणून सांगितलं नाही,' असं लिहिलं आहेस. बरोबर ओळखलंस. मी रडले असते. तू आली असतीस. आणि पुन्हा त्याच मुक्या घरात बसली असतीस.

आता केशरचं. ते दोन आठवडे मी कसे काढले ते मला विचारू नकोस. तिसऱ्या दिवशीच ती काचेपाशी आली. मान वर. मी खोलीच्या दारातून परत फिरले. दुसऱ्या दिवशी पुन्हा. समाधानने फ्रीझरमधली पिशवी पार मागे, मटारच्या खाली ढकलली, आणि मला म्हणाला, "आई, तुझ्यावर भरवसा नाही." मी म्हटलं, माझाही नाही. आता तो रोज कामावर जायच्या आधी खोलीत जाऊन पेटीच्या उबेचा काटा बघतो. उभ्यानेच बघतो आणि निघतो. पण जातो.

गेल्या शनिवारी पहिलं जेवण. सगळ्यात लहान पिंकी कुठली, ते ठरवायला मी आणि तो तांदूळ निवडायला बसावं तसे ताट घेऊन बसलो. तो म्हणे ही, मी म्हणे ती. शेवटी तुझ्या वजनकाट्यावर घातली. अर्ध्या पिंकीएवढीच होती, मला तर ती बघूनच लाज वाटली. एवढंसं वाढायचं कुणाला? केशरने घेतली. गाठसुद्धा धड दिसली नाही. मग आम्ही तिघंही खोलीचं दार लावून बाहेर बसलो. अण्णांनी टीव्ही बंद ठेवला होता. रविवार गेला, सोमवार गेला. मंगळवारी पेटी साफ केली तेव्हा कळलं की सगळं नीट पचलंय. अण्णांनी गोजाबाईंना सांगितलं, मासे बरे झाले.

उद्या शनिवार. तिचा वार. उद्या मी देणार नाही.

डॉक्टरांना फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, पोट रिकामं असतानाच हलवलेलं बरं. नव्या जागी चार-सहा दिवस रुळू द्या, मग तिथेच पहिलं जेवण. म्हणजे पुढचं जेवण तुझ्या घरी, तुझ्या हातून. डॉक्टर म्हणाल्या तशी निम्म्याहून जरा मोठी दे, एकदम नेहमीची नको. आणि मागितलं तरी मधल्या वारी देऊ नकोस. बघ कोण सांगतंय!

तेव्हा रविवारी ये. मैत्रीला पाठवलंस तरी मी या वेळी पेटी देईन, पोहे देऊन परत पाठवणार नाही. पण तू आलीस तर मला आवडेल. समाधानने आपण होऊन रविवारी सकाळच्या शिफ्टचाही ओव्हरटाइम घेतलाय. मी त्याला सांगितलं नव्हतं.

तू आल्यावर मी तुला थांब म्हणणार नाही. हे लिहून देते, कारण तोंडावर माझा भरवसा नाही.

आई

थेरगाव, सोमवार, ४ ऑगस्ट

वर्षाली,

काल तू येऊन गेलीस, आता लिहायला काय उरलं असं अण्णा म्हणताहेत. उरलंय. काल तू बाहेरच्या खोलीत होतीस आणि मी स्वयंपाकघरात, तेव्हा आतलं तुला कसं दिसणार?

तू आलीस तेव्हा मी सगळं तयार ठेवलं होतं. कागदपत्रं, उबेची गादी, चिमटा, आणि उरलेल्या पिंक्या बर्फ घालून स्टीलच्या डब्यात. तो डबा परत आणू नकोस, त्यात मी पुन्हा शिरा भरू शकणार नाही. केशरला तू हातावर घेतलंस तेव्हा ती तुझ्या मनगटाला वेढा घालून तशीच बसली. मी बघत होते. माझ्या मनात आलं, किती हलकी दिसतेय, एक दिली असती काल तर! पण बोलले नाही.

भाकरी मी सकाळपासून थापत होते. शेंगदाण्याची चटणी केली होती, भरली वांगी केली होती, महाग असली तरी. तुझ्यासाठीच केली होती, दुसऱ्या कुणासाठी करणार? आणि तरी तू चपला घालायला लागलीस तेव्हा मी जेवून जा म्हटलं नाही. अण्णा तुझ्या पाठीमागून मला हाताने खुणा करत होते, अगं म्हण, अगं म्हण. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. मला वाटत होतं, एकदा म्हटलं की दुसऱ्यांदा म्हणेन, मग हात धरीन, मग ताटावर बसवीन, आणि मग तू निघणार कधी?

तू म्हणालीस, "आई, भाकरीचा वास येतोय."

मी म्हटलं, "येतोय."

"मला नाही वाढणार?"

तेव्हा मी तुला विचारलं, "भूक आहे का?" तुला तो प्रश्न साधा वाटला असेल. मी आजवर कुणाला विचारला नव्हता. माझ्या दारात आलेल्याची भूक मीच ठरवायची, आणि ती नेहमी दोन भाकरींच्या वरच असायची.

तू म्हणालीस, "आहे."

तू स्वयंपाकघराच्या दारातच पेटी शेजारी ठेवून खाली बसलीस. मी एक भाकरी वाढली. ती संपत आली तेव्हा दुसरी माझ्या हातात होती, गरम, फुगलेली. ताटापर्यंत हात गेलाही होता. तो मी मागे घेतला, भाकरी दुरडीत ठेवली आणि तव्याकडे तोंड करून उभी राहिले. तुला वाटलं असेल आई रुसली. रुसले नव्हते. हात आवरणं मला जड जात होतं.

आणि मग तू मागून म्हणालीस, "आई, अर्धी आणखी."

मी लगेच वळले नाही. तू दोनदा म्हणालीस. ऐकू आलं नाही म्हणून नाही, वर्षाली. मी रडत होते. सही झाल्यावरही तू आई म्हणालीस, आणि आपण होऊन मागितलंस, एवढ्यानेच रडत होते. मग डोळे पुसले, भाकरीचे दोन भाग केले आणि अर्धी तुझ्या ताटात ठेवली. अर्धीच. वर तुकडासुद्धा नाही.

तुला खाली रिक्षापर्यंत सोडून मी वर आले. दुसरी अर्धी दुरडीत तशीच होती. मी ओट्यापाशी उभ्यानेच ती चटणीबरोबर खाल्ली. मग आणखी एक घेतली, वांगं घेतलं, आणि खाली बसले. अण्णा दारात येऊन उभे राहिले. ते काही बोलणाऱ्यातले नाहीत, समाधान कुणावर गेलाय ते तुला माहीत आहे. पण ते म्हणाले, "वर्षाली गेल्यापासून आज जेवलीस."

मी म्हटलं, "भूक लागली होती."

आई